त्रोवसला राहिलेला झगा

या वेळचं पत्र घणसोलीहून आलंय, खाली नाव नाही, नुसतं 'शेवटच्या बाकावरचा' असं लिहिलंय, तर आपण तेच नाव धरू. पत्र चार पानी आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा २८ वर्षांचा, गाव राहुरी तालुक्यात, घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, वडील मंडळीत पंच, आई रविवारी पेटी वाजवते. हा दीड वर्षापासून ऐरोलीत नाइट शिफ्टला, राहायला घणसोलीत पीजी, एका खोलीत तिघं पण तिघांच्या शिफ्ट वेगळ्या, "एकमेकांना आम्ही फक्त झोपलेलंच बघितलंय" असं त्याने लिहिलंय आणि ते वाचून मला हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं. रविवारी जवळच्या एका इंग्लिश सर्व्हिसला जातो, शेवटच्या बाकावर बसतो, आशीर्वाद झाला की सगळ्यांच्या आधी बाहेर. मग रूमवर येऊन यूट्यूबवर मराठी उपासना लावतो आणि ती बघता बघता झोपून जातो.

त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दात देते: "ताई, मी रोज प्रार्थना करतो. रात्री अडीचच्या ब्रेकमध्ये टेरेसवर जाऊन करतो. आधी बरं वाटायचं, आता काहीच वाटत नाही, भिंतीशी बोलल्यासारखं होतं. एका प्रार्थना ग्रुपमध्ये हे बोललो तर तिथले दादा म्हणाले ज्याच्याजवळ येशू आहे तो एकटा असूच शकत नाही, एकटं वाटतंय म्हणजे विश्वासात खोट आहे. माझा विश्वास खरंच कमी पडतोय का? कधीकधी वाटतं सकाळी येऊन झोपावं आणि परत उठूच नये."

आणि मग ता.क. म्हणून एक ओळ, की ऑफिसच्या एसीत आणि रूममेटने अठरावर लावलेल्या एसीत सारखी थंडी वाजते, आजीची गोधडी गावीच राहिली, पीजीत आणायची लाज वाटली.

जय ख्रिस्त रे शेवटच्या बाकावरच्या.

सगळ्यात आधी ते 'उठूच नये' वालं. हे वाक्य तू कोपऱ्यात लिहिलंयस, जाता जाता, जसं आपण डॉक्टरकडून निघताना दारात उभं राहून खरं दुखणं सांगतो तसं, पण मी ते दोनदा वाचलंय आणि मी ते सोडून पुढे जाणार नाही. थकव्यातून असं वाटणं वेगळं आणि मनात त्याचा काही बेत शिजायला लागणं वेगळं, आणि तू कुठे आहेस ते मला इथून कळत नाही. दोन्हीतलं काही का असेना, १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये आत्ता सेव्ह कर. टेली-मानस म्हणून सरकारची सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे म्हणजे तुझ्या अडीचच्या ब्रेकमध्येही आहे, आणि मराठीत बोलता येतं. विचार जोर धरायला लागले तर त्या रात्री टेरेसवर थांबू नकोस, खाली माणसात ये आणि कोणालातरी उठव. यात विश्वास कमी पडल्याचा काही संबंध नाही, ताप आला तर आपण क्रोसिन घेतोच ना, प्रार्थना करत करत घेतो.

आता त्या दादांचं. मला त्यांचा राग आला, खरं सांगते, चहा गार होईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत बसले. पण मग आठवलं की मी पण हेच केलंय. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांची बायको गेली, महिन्याभराने ते लिफ्टपाशी मला म्हणाले की घर खायला उठतं, आणि मी काय म्हणाले असेन? "प्रार्थना करा काका, प्रभू आहे ना." आणि लिफ्ट आली आणि मी आत शिरले. ते वाक्य मी काकांसाठी बोलले नव्हते, लिफ्ट लवकर यावी म्हणून बोलले होते. समोरच्याचं एकटेपण बघून माणूस घाबरतो रे, आणि घाबरला की वचन पुढे करतो. तुझ्या दादांचं पण तेच झालं असावं, फक्त त्यांनी वर तुझ्या विश्वासाचं ऑडिटही करून टाकलं, ते नको होतं.

आणि दुसरं म्हणजे ते म्हणाले ते पवित्र शास्त्राला धरून पण नाही. उत्पत्तीचा दुसरा अध्याय काढ. अजून पाप नाही, साप बोललेला नाही, बाग हिरवीगार, देव स्वतः तिथे आहे, आणि त्या सगळ्यात देव पहिल्यांदा कशाला 'बरं नाही' म्हणतो? माणसाने एकटं असण्याला. तोपर्यंत सगळं चांगलं आहे, चांगलं आहे असं चाललंय आणि मग अचानक हे बरं नाही. आता मला सांग, आदामाजवळ देव नव्हता का? होता की, आपल्या सगळ्यांपेक्षा जवळ होता. तरी देव त्याला म्हणाला नाही की मी आहे ना, मग तुला अजून कोण कशाला पाहिजे. त्याने माणूस दिला. मला तर वाटतं आपल्या अख्ख्या धर्मात एकटेपणाबद्दल यापेक्षा दिलासा देणारं वाक्य नाही, कारण ते सांगतं की तुला जे होतंय ती भूक आहे, आणि भूक लागणं म्हणजे खोट नाही.

आता तुझी शिफ्ट. तू म्हणशील मी विचारलं विश्वासाचं आणि या झोपेवर कुठे गेल्या, पण एलीयाची गोष्ट संडेस्कूलमध्ये तुला नक्की शिकवली असणार, फक्त आपण ती कर्मेल डोंगरावर आग पडते तिथपर्यंतच शिकवतो आणि घंटा होते. त्याच्या पुढचा अध्याय वाच, पहिला राजे एकोणीस. एवढा मोठा संदेष्टा, एका बाईच्या धमकीने पळाला, बरोबरच्या गड्यालाही मागे सोडलं, रानात एका रतामाच्या झुडपाखाली जाऊन बसला आणि म्हणाला पुरे आता, माझा जीव घे. तुझं वाक्य आणि त्याचं वाक्य शेजारी ठेवून बघ. आणि देवाने काय केलं? प्रवचन नाही दिलं. तो झोपला, दूताने त्याला हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाल्लं, प्यायला, परत झोपला. परत उठवलं, परत जेवायला घातलं, का तर तुला वाट लांबची आहे. बोलणं सगळं नंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर. तिथे तो म्हणतो मीच एकटा उरलोय, दोनदा म्हणतो, आणि देव त्याला रागवत नाही, सांगतो की अजून सात हजार आहेत, आणि अलीशाला जाऊन भेट. म्हणजे आधी जेवण आणि झोप, मग ऐकून घेणं, मग सोबतीला माणूस. ह्या क्रमात आपले लोक सगळ्यात आधी प्रवचन कुठून घुसवतात देव जाणे.

तू रात्री अडीचला, उपाशीपोटी नाहीतर मशीनची चौथी कॉफी पिऊन, दीड वर्ष उलट्या घड्याळावर चाललेल्या शरीराने देवासमोर उभा राहतोस आणि वर काही जाणवलं नाही म्हणून स्वतःला मार्क कमी देतोस. अरे त्या वेळी तुला आईचा आवाज पण नीट जाणवणार नाही. शिफ्ट बदलून मिळते का ते टीम लीडला एकदा विचार, विचारलंयस का कधी? पत्रावरून वाटलं नाही विचारलंस. नाहीच मिळाली तर निदान सकाळी आल्यावर नाश्ता करून, खिडकीला जाड चादर लावून, मोबाइल दुसऱ्या टोकाला ठेवून झोप, उपासना बघता बघता झोपणं बंद कर. ती झोपही होत नाही आणि उपासनाही होत नाही.

काहीच वाटत नाही, याबद्दल. स्तोत्रसंहितेत रडगाणी भरपूर आहेत, पण बहुतेक स्तोत्रं शेवटी वळतात, रडून झालं की कुठेतरी स्तुती येते, आपण प्रार्थनासभेत साक्ष देतो ना तसं, त्रास झाला मग प्रभूने सोडवलं. पण ८८वं स्तोत्र वळत नाही. तो माणूस रात्रंदिवस ओरडतोय, मित्र दूर गेलेत, देव तोंड लपवतोय असं म्हणतोय, आणि स्तोत्र अंधारावर संपतं. पुढे काही नाही, सरळ ८९वं सुरू. ज्यांनी कोणी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांना ते काढून टाकता आलं असतं, निदान शेवटी एक गोड ओळ चिकटवता आली असती, पण त्यांनी ते तसंच ठेवलं आणि लोक मंदिरात ते म्हणत राहिले. मला याचा फार आधार वाटतो. आणि मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये बाहेर आली तेव्हा जगाला कळलं की वर्षानुवर्षं, जवळजवळ अर्धं शतक म्हण, त्यांना आतून देव जाणवतच नव्हता. त्या बाईच्या विश्वासाला कोणी खोट आहे म्हणेल का? म्हणाले असते, तुमचा तो ग्रुप कदाचित म्हणाला असता.

गेथशेमाने बागेत तर खुद्द प्रभू तीन मित्रांना घेऊन गेला, पेत्र, याकोब, योहान, आणि म्हणाला माझ्याबरोबर जागे राहा. पित्याशी बोलायला गेला होता ना तो, तरी माणसं बरोबर पाहिजे होती त्याला. आणि ते तिघं झोपले. तीनदा येऊन बघितलं, तीनदा झोपलेले. तुझ्या पीजीची रूम आठवली मला.

तेव्हा प्रार्थनेत शब्द सुचत नसतील तर आपले शब्द नको करू काही दिवस, दुसऱ्याचे घे. ८८वं स्तोत्र मोठ्याने वाच. आणि मराठीत कर बाबा. तू लिहिलंयस की इंग्लिश सर्व्हिसमुळे आता प्रार्थना पण अर्धी इंग्लिशमध्ये येते आणि मध्येच अडकते. अडकणारच, आई जेव्हा पेटी वाजवायची तेव्हा तू काय इंग्लिशमध्ये गायचास? नारायण वामन टिळकांची भजनं तुला तोंडपाठ असतील, तुमच्या नगर जिल्ह्यात ती माहीत नसलेलं ख्रिस्ती घर मला अजून भेटलं नाही. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा नातेवाईक तुटले, लक्ष्मीबाई आणि मुलगा कित्येक वर्षं दुसरीकडे, म्हणजे ज्याची भजनं आपण टाळ्या वाजवत म्हणतो त्याने रिकामं घर चांगलंच बघितलेलं होतं. ऐरोलीच्या स्टेशनवर उभा राहून हळू आवाजात गुणगुण, कोणी बघत नाही, सगळ्यांच्या कानात इअरफोन असतात.

आता तो शेवटचा बाक. त्यावर मी पण बसलेय रे, म्हणून एवढं अधिकाराने बोलतेय.

१९९४ ला मी संगमनेरहून ठाण्याला आले, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरला नोकरी आणि चरईत एका बाईंकडे पेइंग गेस्ट. त्या बाई चांगल्या होत्या पण नऊला लाइट बंद. रविवारी एका चर्चला जायचे, कुठल्या ते नाही सांगत, त्यातली माणसं अजून भेटतात. सात महिने गेले आणि सात महिन्यात मला एकाही माणसाने नाव विचारलं नाही. मी पण काय केलं, तुझ्यासारखंच, शेवटचं गीत चालू झालं की पर्स आवरायची आणि आशीर्वाद झाला की चपला घालून बाहेर, आणि मग तलावपाळीला जाऊन एकटीने भेळ खायची आणि मनात म्हणायचं बघा, ही ख्रिस्ती प्रीती. मंडळीची चूक होतीच. पण मी त्यांना विचारायला वेळ तरी कुठे दिला, दीड मिनिट पण नाही.

आठव्या महिन्यात एक दिवस दारात गर्दी झाली, पाऊस होता, आणि एका आजींनी मला न बघताच एक डबा माझ्या हातात दिला, म्हणाल्या धर गं जरा, माझ्या चपलेचा पट्टा सुटलाय. नाव नाही, गाव नाही, ओळख नाही, नुसतं धर गं जरा. मी डबा धरून उभी. पट्टा लागेना, मग मी खाली बसून लावून दिला. मग म्हणाल्या रिक्षापर्यंत चल, गुडघा दुखतोय. पुढच्या रविवारी त्यांनी मला शोधलं, कारण डबा मी तसाच हातात घेऊन घरी गेले होते! रिकामा परत कसा द्यायचा म्हणून मी त्यात शिरा करून नेला, पेइंग गेस्टच्या किचनमध्ये, बाईंची परवानगी काढून. त्या आजी प्रभूत झोपी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, पण जाईपर्यंत मी त्यांना रिक्षात बसवत होते. त्यांनी मला कधी एक वचन ऐकवलं नाही. मला तेव्हा कोणी येऊन 'तुला एकटं वाटतंय का' विचारलं असतं तर मी नाही म्हणून पळाले असते. डबा धरायला सांगितला म्हणून थांबले.

म्हणून तुला सांगते की तू कोणीतरी विचारेल याची वाट बघू नकोस, काम माग. उपासना संपली की खुर्च्या उचलायच्या असतात, गीतांची पुस्तकं गोळा करायची असतात, साऊंडच्या वायरी गुंडाळायच्या असतात, आणि आयटीतला मुलगा म्हटल्यावर तर तो प्रोजेक्टर तुझी वाट बघत बसलेला असणार, दर रविवारी कोणाचा ना कोणाचा लॅपटॉप कनेक्ट होत नाही. पाळकसाहेबांना किंवा जो कोणी वायरीशी झटापट करत असेल त्याला एवढंच म्हण, मी काही करू का. खुर्च्या उचलताना माणूस समोर बघत नाही, हातात काम असतं, आणि बोलणं आपोआप सुरू होतं. लाजाळू लोकांसाठी एवढी सोपी सोय दुसरी नाही.

आणि महिन्यातून दोनदा तरी मराठी उपासनेला ये. ठाण्यात, नवी मुंबईत, कल्याणला होतात, वेळा पाळकांना फोन करून विचार, कारण नेटवरच्या वेळा मी दोनदा चुकीच्या बघितल्यात. घणसोलीहून ठाणं लोकलने वीसेक मिनिटं, फक्त रविवारचा मेगाब्लॉक बघून निघ नाहीतर रबाळ्यात बसशील ताटकळत. यूट्यूब पूर्ण बंद कर असं मी म्हणत नाही, आजारी असलो, नाइट लागली तर चांगलंच आहे ते, पण यूट्यूबला तू नाही आलास तर कळत नाही. आणि स्क्रोल करता करता ते दुसरे पण लागतात, अमुक रक्कम 'बीज' म्हणून पेरा आणि एकवीस दिवसात आशीर्वाद बघा वाले. एकट्या माणसाला ते बरोबर वासावर शोधतात. एक रुपया पाठवू नकोस.

तुला ठाण्याची एक गोष्ट सांगते, आमच्या ठाण्यातल्या ख्रिस्ती लोकांनाही ती फारशी माहीत नसते. आपण ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास म्हटलं की पोर्तुगीज म्हणतो, तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट दाखवतो, फार तर इंग्रजांचं सेंट जेम्स. पण त्याच्याही कितीतरी आधी, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू जहाजाने ठाण्याला उतरले आणि इथल्या हाकिमाच्या हुकमाने मारले गेले. त्यांच्याबरोबर पाचवा होता, जॉर्डनस नावाचा, डॉमिनिकन, तो तेव्हा दुसरीकडे गेला होता म्हणून वाचला. परत आला तर चौघं गेलेले. त्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं आणि मग राहिला एकटा, या किनाऱ्यावर, भाषा परकी, शरीर आजारी. दोन-तीन वर्षांनी त्याने इथूनच, ठाण्यातूनच आपल्या बंधूंना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. आणि त्यात काय आहे माहितीये? माझं सगळं छान चाललंय, प्रभू थोर आहे, असं नाही. मी एकटा पडलोय, अंग दुखतं, कधी इथे दुखतं कधी तिथे दुखतं, माणसं पाठवा. सातशे वर्षांपूर्वी आपल्याच खाडीकाठी बसून एक विश्वासू माणूस स्पष्ट शब्दात लिहीत होता की मला एकट्याने होत नाहीये. पुढे १३२९ ला पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमलं, म्हणजे पत्रातल्या रडण्याने त्याच्या विश्वासाच्या खात्यात काही लाल शेरा पडला नाही.

तू घरी काय सांगतोस? पत्रात लिहिलंयस, आई विचारते जेवलास का, मी म्हणतो हो, बाबा विचारतात चर्चला जातोस ना, मी म्हणतो हो, तीन मिनिटात फोन संपतो. दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि दोन्हीत तू कुठेच नाहीस. बाबा पंच आहेत म्हणून लाज वाटते का, की पंचाच्या मुलाचं असं कसं? मला तसं वाटलं वाचताना, चूक असेल तर माफ कर. या आठवड्यात आईला एक खरी गोष्ट सांग, सगळं नको, एकदम सगळं सांगितलंस तर ती पहिली एसटी पकडून येईल. एकच सांग. म्हण की इथे मला थंडी वाजते.

कारण तुझी ती ता.क. वाली ओळ वाचल्यापासून मला प्रेषित पौलाचं एक पत्र डोक्यातून जात नाहीये, त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलेलं दुसरं. कैदेत आहे, शेवट जवळ आलाय हे त्याला माहितीये, सोबतचे लोक इकडे तिकडे गेलेत, कोणी सोडून गेला तर कोणाला त्यानेच पाठवलंय, लूक तेवढा जवळ आहे, कोर्टात उभा राहिला तेव्हा बाजूने कोणी नव्हतं. त्याच परिच्छेदात तो म्हणतो की प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. आता त्या ग्रुपच्या हिशेबाने इथे पत्र संपायला पाहिजे ना, प्रभू आहे, विषय मिटला. पण त्याच शेवटच्या अध्यायात तो तीमथ्याला सांगतो लवकर ये, मार्काला घेऊन ये, आणि येताना त्रोवसला कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो आण, पुस्तकं पण आण, ती चामड्याची तर आणच. आणि पुढे परत, हिवाळ्याच्या आधी ये. लहान होते तेव्हा मला ही वचनं फालतू वाटायची, देवाच्या वचनात झग्याचं काय काम. आता वाटतं अख्ख्या नव्या करारात इतका माणूस माणसासारखा दुसरीकडे दिसत नाही. प्रभू जवळ उभा आहे आणि थंडी पण वाजतेय, दोन्ही एकाच पानावर, आणि एकाने दुसरं खोटं पडत नाही. आणि बघ, तो 'मला आधार हवाय' असं मोघम नाही लिहीत. कोण पाहिजे त्याचं नाव, काय पाहिजे, कुठे ठेवलंय, कोणाकडे, आणि कधीपर्यंत. समोरच्याला करता येईल असं मागितलंय.

तू माझ्याकडे चार पानं विश्वासाबद्दल लिहिलीस आणि एका ओळीत गोधडी. मला वाटतं तुझी खरी प्रार्थना त्या एका ओळीत आहे.

तेव्हा माग. रूममेटला अठराचा एसी चोवीसवर करायला माग, तू झोपलेलाच बघितलायस त्याला पण व्हॉट्सअॅप नंबर तर असेल, आणि त्यालाही विचार तुझा ऑफ कधी असतो, निदान एक वडापाव बरोबर खा. तो ख्रिस्ती नाही म्हणून काही बिघडत नाही, एलीयाला भाकर कावळ्यांनी पण आणून दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितलं की जगात सहातल्या एका माणसाला एकटेपण सतावतं, आणि तरुणांमध्ये जास्तच, म्हणजे तुमच्या ट्रान्स हार्बरच्या एका डब्यात किती झाले तूच मोज, त्यातला एखादा तुझ्याच खोलीत झोपलेला निघायचा.

आणि आईला सांग गोधडी पाठव. नगरहून ठाण्याला एसटी येतात, ओळखीचं कोणी येणार असेल तर त्याच्याकडे दे म्हणावं, नाहीतर पार्सल टाक म्हणावं, खोपटच्या स्टँडवर जाऊन तू घे. पीजीतले हसतील अशी भीती आहे ना तुला? हसू दे एक दिवस. दुसऱ्या दिवशी तू शिफ्टला गेलास की तीच पांघरून झोपतील, लिहून देते मी.

मिळाली की कळव. आजीने कुठल्या साड्यांची शिवलीय तेही लिही, मला गोधड्यांचं फार आहे.